ड्रायर तापत नव्हता, बिल आलं बोर्डाचं

ड्रायर चालू होतो, ड्रम फिरतो, पॅनेलवरचे दिवे लागतात, पण तास उलटला तरी कपडे ओलेच आणि गार. अशा वेळी घरी आलेला माणूस मागचं झाकण काढायच्या आधीच ‘बोर्ड गेलाय’, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट (पीसीबी) बिघडलंय, असं म्हणाला, तर सावध व्हा. मला भेटलेला माणूस नेमका हेच म्हणाला होता.

तो आला इंटरनेटवरच्या जाहिरातीतून. कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं की सगळ्यात वर जो नंबर दिसतो, तो. शेजारी ‘अधिकृत’ असं लिहिलेलं. फोनवरची बाई कंपनीच्या नावानेच बोलली, तक्रार क्रमांकाचा मेसेजही आला. बोलता बोलता तिने ‘गॅस संपला असेल’ असंही सुचवून टाकलं. माझा ड्रायर साधा, कॉइलवर हवा तापवणारा. थंडावा देणाऱ्या मशीनसारखा गॅस असतो तो हीट पंपवाल्या ड्रायरमध्ये, आणि तोही सीलबंद. वापरून संपत नाही, गळला तरच कमी होतो.

आलेल्या माणसाचा शर्ट कंपनीच्या रंगाचा, बोलणं गोड. मल्टिमीटर, म्हणजे विजेची मापं घ्यायचं यंत्र, काढला, आत कुठेतरी टोकं टेकवली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. “बघा मॅडम, झीरो दाखवतंय. कॉइल खलास. बोर्डाने जास्त करंट सोडला, त्यानेच उडवली. दोन्ही बदलल्याशिवाय मला गॅरंटी देता येणार नाही.”

या झीरोवर जरा थांबायला हवं, कारण फसवणुकीचं अर्धं काम त्यानेच होतं. ऐकणाऱ्याला शून्य म्हणजे काहीच उरलं नाही असं वाटतं. ओहमच्या, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या, मापात उलटं असतं. तार तुटली असेल तर मीटर ‘ओएल’ (मापाबाहेर) दाखवतो, काही मीटरवर डावीकडे नुसता १ येतो. शून्याच्या आसपासचा आकडा म्हणजे वाट सलग आहे. चांगल्या फ्यूजवर तोच यायला हवा. कॉइलचा आकडा तर घरबसल्या काढता येतो: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर चालणारी २००० वॅटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते. त्याच्या जवळपास आकडा आला आणि कॉइलचं टोक मशीनच्या पत्र्याशी कुठे जोडलं जात नसेल, तर ती कॉइल धडधाकट आहे. ही मापं घेताना प्लग काढलेला हवा आणि कॉइलची निदान एक वायर सोडवलेली हवी, नाहीतर दुसऱ्याच वाटेचा आकडा दिसतो.

बोर्ड तो ‘वर्कशॉपला’ घेऊन गेला. परत आणला तेव्हा चकचकीत दिसत होता. कॉइल बसवताना मशीन भिंतीकडून ओढून आडवं धरलं होतं, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसायला मार्ग नव्हता. जुना भाग मागितला तर म्हणाला, “तो कंपनीत जमा करावा लागतो.” मशीन सुरू केलं आणि खरंच तापलं. पैसे घेऊन तो गेला. बिलावर भागाचा नंबर नाही, नुसतं ‘पीसीबी व हीटर’.

पुढे कपडे तापायला लागले ते जरा जास्तच. करपल्याचा वास येऊ लागला, इलास्टिक सैल पडलं. मशीन बंद ठेवलं आणि या वेळी वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर फोन केला. त्या कारागिराने मागचं झाकण उघडलं आणि बोट दाखवलं: “हे बघा, डायरेक्ट केलंय.” थर्मल फ्यूजच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळली होती. कॉइल मुळातलीच, तिच्यावर भाजून चिकटलेली कपड्यांची लव आणि मशीनच्याच वर्षाचा शिक्का. बोर्डावरचं स्टिकरही जुनंच, फक्त वरून काहीतरी फवारलेलं.

खरा बिघाड याच छोट्या फ्यूजचा होता. गरम हवेच्या वाटेवर तो बसवलेला असतो आणि हवा ठरावीक तापमानापलीकडे गेली की एकदाच तुटतो. परत जोडला जात नाही, बदलावाच लागतो. काही मॉडेलमध्ये तो तुटला की मोटरही थांबते, माझ्या मशीनमध्ये फक्त हीटरचा पुरवठा जातो. म्हणून ड्रम फिरत होता आणि कपडे गार. फ्यूज तुटला तो हवा कोंडल्यामुळे: मागचा पाइप भिंतीशी चेपला होता आणि आत लवेचा बोळा बसला होता. नुसता फ्यूज बदलून पाइप तसाच ठेवला असता, तर नवाही तुटला असता.

त्या भामट्याचा राग येतो तो पैशांपेक्षा या टेपमुळे. पाइप तुंबलेला, फ्यूज बाद, आणि समोर कोरडी लव, जी कापसासारखी पेटते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या अहवालात घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० दिल्या आहेत, आणि सगळ्यात मोठं कारण सफाई न होणं. तिथे निदान फ्यूज तरी जागेवर असावेत.

बोर्ड कधीच बिघडत नाही असं नाही. हीटरला वीज देणारी रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, त्याच्यावर असते आणि तिचे पॉइंट जळतात. पण तिथवर पोचायच्या आधी फ्यूज, थर्मोस्टॅट (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच) आणि कॉइल मोजून व्हायला हवेत, ही काही मिनिटांची कामं आहेत. त्याआधी प्रोग्रॅम थंड हवेचा तर लागला नाही ना, हेही बघावं. काही देशांत ड्रायरला वीज दोन लाइनींमधून येते. तिथे त्यातली एक लाइन गेली तर मोटर फिरत राहू शकते आणि हीटर मात्र बंद. प्रामाणिक कारागीर तुमच्यासमोर मोजतो, आकडा सांगतो आणि काढलेला भाग तुमच्या हातात देतो. झाकण काढल्यावर आणि बंद करण्याआधी आतले फोटो काढायला जो अडवतो, त्याचं काम तिथेच थांबवा.

कंपनीने तक्रार नोंदवून घेतली आणि तो नंबर आमचा नव्हेच, असं लेखी दिलं. जाहिरात थोडे दिवस गायब होती. आता वेगळ्या नावाने परत दिसते, नंबरही नवा. कंपनीचा नंबर हवा असेल तर मशीनवरच्या स्टिकरवरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या, आणि येणाऱ्या माणसाचं नाव त्याच नंबरवर फोन करून आधी विचारून ठेवा.