डब्यातली पावडर की नाचणीचं सत्त्व?

गोवंडीच्या वहिनी विचारत होत्या, दोन वर्षांच्या लेकीला काय देऊ, दुधात घालायची डब्यातली पावडर की घरचं नाचणीचं सत्त्व?

खर्चाचं बोलायलाच नको. एका डब्याच्या पैशांत नाचणी, मूगडाळ आणि वर अंडीही येतात. पावडरीत जीवनसत्त्वं घातलेली असतात खरी, पण साखरही असते. डब्यामागचा बारीक मजकूर वाचा. 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम 300 मिलिग्रॅमच्या वर. मात्र पातळ पेज नुसतं पोट भरते. चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट करा, वर तूप किंवा तेल.

मेहनत सत्त्वालाच: भिजवा, मोड आणा, वाळवा, भाजा, दळा. पावसाळ्यात दहा बाय दहाच्या खोलीत वाळवणार कुठे?

वेळ असेल तर सत्त्वच. पहाटे कामाला निघणारीने अंगणवाडीचा घरपोच आहार सोडू नये. पावडर फक्त दुधाला चव म्हणून. वजन वाढत नसेल, तर आधी अंगणवाडीत दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, मोजून घ्या; त्यावरून कुपोषण कळतं.