बॅडमिंटन रॅकेट विमानात हातात नेण्यासाठी घेतलेली पातळ बॅग: आठ महिन्यांचा अनुभव

ही दोन रॅकेटची बॅग मी गेल्या मे महिन्यात पणजीतून घेतली, साडेबाराशेला, आणि तेव्हापासून आतापर्यंत लेकीच्या टूर्नामेंटसाठी आम्ही दोघी नऊ वेळा गोव्याबाहेर जाऊन आलो, म्हणजे अठरा विमानं झाली. लेक अंडर फिफ्टीन खेळते, आम्ही फोंड्याचे. दुकानदार मोठी सहा रॅकेटची किटबॅग दाखवत होता, मी मुद्दाम ही पातळ घेतली, त्याला कारण आहे.

त्याआधी फेब्रुवारीत नागपूरला जाताना रॅकेटी सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधे घालून चेक-इन केल्या होत्या. खाली जीन्स, वर टॉवेल, मला वाटलं आता काय होणार. हॉटेलवर उघडलं तर सगळं जागच्या जागी, तारा टाईट, रंगाला ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्मअपला तिने पहिला स्मॅश मारला आणि आवाजच वेगळा आला, नेहमीचा खणखणीत नाही, फुटक्या मडक्यासारखा बद्द. उजेडात धरून बघितलं तर घड्याळात दहा वाजतात त्या जागी, दोन ग्रोमेटच्या, म्हणजे तारा ओवायच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्यांच्या मधे केसासारखी रेष, बोट फिरवलं की नखाला लागत होती. साडेपाच हजारांची रॅकेट. लेक काही बोलली नाही, दुसरी घेऊन कोर्टवर गेली, पण ती चिरलेली रॅकेट मांडीवर घेऊन मी बसले होते आणि माझं मॅचकडे लक्षच लागेना.

बरेच पालक सांगतात की विमानाच्या पोटात थंडीने आणि हवेच्या दाबाने तारा तुटतात, म्हणून काही जण जायच्या आधी तारा कापूनच टाकतात. पण सामान ठेवतात तो भागही केबिनसारखाच प्रेशराइज्ड असतो हो. खरी भीती वजनाची. फोर-यू (4U) या वजनाच्या गटातली रॅकेट म्हणजे ८० ते ८५ ग्रॅमच्या आत, पोकळ ग्रॅफाइट, त्यात चोवीस-पंचवीस पौंडाने तारा आधीच आत ओढतायत आणि वर कोणाची वीस किलोची बॅग पडली तर ती फ्रेम काय करणार? आणि आत चीर गेली तरी वरून रंग तसाच दिसतो, म्हणजे कोर्टवर उतरल्यावरच कळतं. म्हणून रॅकेट हातातच न्यायची हे माझं पक्कं झालं.

आता घोडं अडतं कुठे, तर लांबीवर. रॅकेट नियमाने जास्तीत जास्त ६८ सेंटीमीटर लांब आणि २३ रुंद असू शकते, बाजारातल्या बहुतेक साडेसदुसष्टच्या आसपास. केबिन बॅगचं माप काही विमान कंपन्यांत ५५ बाय ४० बाय २०. कागदावर गणित केलं तर ५५ बाय ४० मध्ये तिरकी रेघ बरोब्बर ६८ येते, मीही घरी ट्रॉलीत तिरकी घालून बघितली, पण ते माप बाहेरचं असतं, आत हँडलच्या नळ्या आणि चाकांचे कोपरे जागा खातात, शिवाय रॅकेटचं डोकं २३ रुंद, ते कोपऱ्यात जाणार कसं. नाही बसत. पण त्या मापात एक वाट आहे, लांबी रुंदी उंची मिळून बेरीज ११५ सेंटीमीटर असाही हिशोब धरतात, आणि माझी बॅग ७२ लांब, २६ रुंद, ६ जाड, बेरीज १०४. दुकानातली सहावाली ७५ बाय ३२ बाय २२ होती, तिची होते १२९. पातळ घ्या म्हणते ती यासाठी.

हा हिशोब काउंटरवर प्रत्येकाला पटतो असं मात्र नाही. मी शिवणकामाची टेप पर्समध्ये ठेवते, कोणी लांबी बघून अडवलं की तिथल्या तिथे मापून दाखवते, वाद घालत नाही. अठरापैकी चार वेळा अडवलं, तीन वेळा टेप बघून सोडलं, एकदा गेटवरच्या माणसाने अजिबात ऐकलं नाही आणि बॅग खाली गेली. नशिबाने रॅकेटी शाबूत आल्या, पण तो दीड तास मी कसा काढला माझं मला माहीत. दुसरी अडचण 'एकच बॅग' या नियमाची. पाठीवर सॅक आणि हातात रॅकेटची बॅग दिसली की दोन नग मोजतात. मी आता सॅकच्या दोन्ही बाजूंना क्लिपवाले पट्टे लावून रॅकेटची बॅग मागे उभी बांधते, वजन सगळं मिळून सात किलोच्या आत ठेवते, रिकामी बॅग अर्ध्या किलोच्या आतच भरते. असं बांधल्यापासून दोन नग कोणी म्हटलं नाही.

सिक्युरिटीला रॅकेटमुळे कधी त्रास झाला नाही. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फचा क्लब, बिलियर्डची क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, रॅकेट त्या यादीत नसते, पण शेवटचा शब्द तिथल्या जवानाचाच, त्यामुळे बॅग उघडा म्हटलं की लगेच उघडायची. लेकीची उड्यांची दोरी, आत वायर असलेली, एकदा काढून घेतली, आणि ग्रिपची टेप कापायची कात्री आता चेक-इनच्या बॅगेत जाते. पेन रिलीफचा स्प्रे पण नेत नाही, त्याच औषधाची छोटी ट्यूब नेते.

विमानात चढल्यावर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅग लगेच वर ठेवून मोकळं व्हायचं नाही. पहिल्या दोन वेळा मी लवकर चढून बॅग आत आडवी ठेवली आणि मागून येणाऱ्यांनी त्यावर ट्रॉल्या ढकलल्या, मग चेक-इनमध्ये आणि यात फरक काय राहिला! आता रांगेतल्या लोकांच्या बॅगा लागेपर्यंत ती हातात धरून सीटवर बसते आणि शेवटी सगळ्यांच्या वर आडवी सरकवते, सहा सेंटीमीटरची फट कुठेही मिळते. गोव्याच्या मोपा विमानतळावरून पुण्याला एटीआरने, म्हणजे छोट्या पंख्याच्या विमानाने गेलो तेव्हा वरचा कप्पा इतका बुटका की ट्रॉलीवाल्यांची पंचाईत झाली, आमची पातळ बॅग मात्र तिरकी करून गेली.

बॅगेबद्दल बोलायचं तर आतला फोम चांगला, डोक्याच्या बाजूला जाड आहे, जिथे हवा तिथेच. पट्टा खांद्याला रुततो. शटलची ट्यूब यात जात नाही, ती सॅकमध्येच ठेवावी लागते. चेन मात्र कमकुवत, चवथीच्या सुमारास रनर गंजून अडकला, फोंड्याच्या बाजारात चाळीस रुपयांत बदलून घेतला, तेव्हापासून ठीक चाललीय. आणि आमच्याकडचा पाऊस. जुलैत आठवडाभर कपाटात राहिली तर आतल्या अस्तराला पांढरी बुरशी आली आणि ग्रिपला असा वास की धरवेना. ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली दोन दिवस उघडी ठेवली, तेव्हापासून कापराच्या दोन वड्या पुरचुंडी करून आत टाकते आणि बॅग कपाटात न ठेवता खुंटीला टांगते.

लेकीला आता तिसरी रॅकेट हवीय. तिसरी बसते, मी घालून बघितली, बॅग फुगून नऊ सेंटीमीटर होते म्हणजे बेरीज १०७, मापात अडचण नाही, पण फ्रेमला फ्रेम घासते आणि ग्रिप एकमेकांवर चढतात. गेल्या खेपेला जुना टी-शर्ट उभा फाडून त्याची पट्टी रॅकेटींच्या मधे घातली होती, मोपाला उतरून घरी येऊन एकेक फ्रेम ट्यूबलाइटखाली फिरवून बघितली, तिन्हींवर कुठे काही नाही.