आठ-दहा वर्षांचं मूल दत्तक: भारतातून की कोलंबियातून?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी जोडप्यानं तान्हं बाळ नको, आठ-दहा वर्षांचं मूल दत्तक घेऊ असं ठरवलं, की लगेच देशाचा प्रश्न येतो. पूर्वी पर्याय पुष्कळ होते. 2004 मध्ये परदेशांतून सुमारे 23 हजार मुलं दत्तक म्हणून अमेरिकेत आली. 2023 मध्ये हा आकडा 1,300 च्याही खाली गेला. चीननं ऑगस्ट 2024 मध्ये नात्यातली दत्तकं वगळता परदेशी दत्तकविधानच थांबवलं. मोठ्या मुलांच्या बाबतीत मनापासून विचार करावा असे देश मग माझ्या मते दोनच, भारत आणि कोलंबिया.

एजन्सीकडे गेलात की तुलना होते ती किती थांबावं लागेल आणि किती खर्च येईल याची. तान्ह्या बाळासाठी ती ठीक आहे. आठ वर्षांच्या मुलाला मात्र मित्र असतात, शाळा असते, आवडती भाजी असते. म्हणून मी आधी वेगळं बघायला सांगेन. पहिल्या भेटीपासून विमानात बसेपर्यंत त्याला स्वतःच्या ओळखीच्या जगात तुमच्यासोबत किती दिवस मिळतात? आणि त्या दिवसांत त्याच्या भाषेत त्याच्याशी कोण बोलू शकतं? या दोन देशांतला खरा फरक इथंच आहे.

त्याआधी कागदांचं एक बघून घ्या. भारत, कोलंबिया आणि अमेरिका हे तिन्ही देश परदेशी दत्तकांसाठीच्या 1993 च्या हेग करारात आहेत. त्या वाटेनं मूल अमेरिकेत आणायचं तर नवराबायकोपैकी एक जण तरी अमेरिकी नागरिक लागतो. दोघंही ग्रीन कार्डवर किंवा एच-1बी वर असाल तर आय-800ए हा पहिला अर्जच करता येत नाही. मग मूल कायद्यानं आपल्या ताब्यात घेऊन त्याच्यासोबत दोन वर्षं राहण्याची अट येते, म्हणजे कुणीतरी भारतात मुक्काम हलवायचा. हे उशिरा कळून हिरमुसलेली जोडपी कमी नाहीत. दुसरी अट वयाची: मुलाच्या सोळाव्या वाढदिवसाच्या आत त्याच्यासाठीचा आय-800 हा पुढचा अर्ज दाखल व्हावा लागतो. भावंडांसाठी थोडी सूट आहे, पण तेराचौदा वर्षांचं मूल मनात असेल तर वेळ दवडू नका.

भारत

भारतात सगळं ‘कारा’ या केंद्रीय संस्थेमार्फत चालतं. कायदा 2015 चा बाल न्याय अधिनियम, नियम 2022 चे. मूल आठच्या पुढचं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज 110 पर्यंत चालते, एकट्या पालकाचं वय 55 पर्यंत. पालक आणि मुलामध्ये किमान 25 वर्षांचं अंतर हवं. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. घरात आधीच दोन मुलं असतील, तर विशेष गरजा असलेली किंवा सहजासहजी घर न मिळणारी मुलंच दत्तक घेता येतात. मोठी मुलं बऱ्याचदा या दुसऱ्या गटात मोडतात, त्यामुळे ही अट मोठं मूल हवं असलेल्यांच्या आड फारशी येत नाही.

परदेशी दत्तकात पाच वर्षांवरच्या मुलांना आणि भावंडांना प्राधान्य देता येईल असं कायद्यातच म्हटलं आहे. तरीही मुलं कमी दिसतात, कारण मोठी मुलं बहुतेक बालगृहांत असतात, दत्तक संस्थांत नव्हे. बालकल्याण समितीनं ‘दत्तकासाठी कायद्यानं मुक्त’ असं जाहीर केल्याशिवाय त्यांचं नाव काराच्या पोर्टलवर येत नाही.

आता भाषा. मराठी घराला वाटतं, भारतातलं मूल म्हणजे आपल्या भाषेचं. पण मूल ओडिशातलं असेल, झारखंडमधलं असेल, घरात संथाळी बोलणारं असेल. त्याच्यासाठी तुमची मराठी इंग्रजीइतकीच परकी. मूल महाराष्ट्रातल्या संस्थेतलं असेल तर मात्र सगळं पालटतं. पहिल्याच संध्याकाळी ते विचारू शकतं, ‘संस्थेतली ताई मला फोन करेल का?’ आणि तुम्हाला उत्तर देता येतं. दुभाष्यामार्फत हा प्रश्न मूल बहुधा विचारणारच नाही.

प्रवास मात्र भारताची कमकुवत बाजू आहे. कागदं तुमच्या गैरहजेरीत पुढं सरकतात. दत्तक आदेशाचा अधिकार 1 सप्टेंबर 2022 पासून न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. मुंबई उच्च न्यायालयात या बदलाला आव्हान दिलं गेलं, तेव्हा मुलाच्या जिल्ह्यात आदेश कोण देणार ते संस्थेलाच विचारा. आदेश आणि पासपोर्ट हातात आले की कुटुंब येतं, मुलाला घेतं, व्हिसासाठी दिल्ली गाठतं आणि परत निघतं. दीड-दोन आठवड्यांत सगळं आटोपतं. रजेच्या हिशोबात हे सोयीचं आहे, पण मुलाच्या दृष्टीनं फार घाईचं.

घाई म्हणजे काय ते सांगते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं संस्थेतून निघाल्यावर पहिल्या रात्री जेवणातल्या दोन पोळ्या कागदी रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवल्या. आईनं पाहिलं, बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पलंगाशेजारी बिस्किटांचा पुडा ठेवला, संपला की दुसरा. आठवडाभरानं उशीखाली काही सापडेनासं झालं. ती मुलगी त्या आठवड्यात दिल्लीच्या रांगांत आणि चौदा-पंधरा तासांच्या विमानात असती तर? ती पुण्यात होती, खाली उतरलं की ओळखीचा वडापाव मिळत होता, रिक्षावाल्याचं बोलणं तिला कळत होतं.

कोलंबिया

कोलंबियात केंद्रीय यंत्रणा सरकारी आहे, ‘आयसीबीएफ’. तिथं परदेशी कुटुंबांसाठी असलेली मुलं बहुतांशी मोठी किंवा भावंडांच्या जोड्या. मुलाला आधी तयार केलं जातं, तुमचा फोटो-अल्बम दाखवला जातो. मग तुम्ही जाता, भेट होते आणि मूल लगेच तुमच्याकडे राहायला येतं. पुढचे काही दिवस मानसतज्ज्ञ आणि समाजसेविका तुमचं कसं जमतंय ते पाहतात, त्यानंतरच प्रकरण कुटुंब न्यायाधीशापुढे जातं. निकाल, नवा जन्मदाखला, पासपोर्ट आणि बोगोटातला व्हिसा धरून चार ते सहा आठवडे जातात. भेट वेगळ्या शहरात झाली तर मुक्कामही आधी तिथंच.

लोक याला अडचण म्हणतात. मोठ्या मुलासाठी मला तेच कोलंबियाचं बलस्थान वाटतं. त्या आठवड्यांत अडाणी तुम्ही असता आणि जाणतं मूल. अरेपा, म्हणजे तिथली मक्याची भाकरी, कशाशी खायची, कुठल्या बसनं जायचं, दुकानदाराला काय म्हणायचं हे ते तुम्हाला शिकवतं, तुमचे स्पॅनिश उच्चार सुधारतं. ह्यूस्टनला उतरल्यावर हे उलटं होतं आणि बराच काळ तसंच राहतं. त्याआधी त्याला घरात असं मानाचं स्थान मिळालेलं असलं की पुढचं सोसायला बळ येतं.

उणी बाजू उघड आहे. स्पॅनिश कामापुरती तरी शिकावीच लागते, आणि जेवणाच्या ऑर्डरपुरती नव्हे. मुलाच्या रागाची आणि भीतीची स्पॅनिश. घरी आधीचं मूल असेल तर त्याची शाळा, म्हणून बहुतेक जण उन्हाळ्याची सुट्टी गाठायला बघतात. आयसीबीएफ स्वतः दत्तकासाठी पैसे घेत नाही, पण महिनाभराचं भाडं, दुभाषी, वकील हा खर्च होतोच. आणि मूल दिसायला, नावानं, आठवणींनी आपल्या कुटुंबापेक्षा वेगळं असेल. आजी-आजोबा ते कसं घेतील, हे जाण्याआधी त्यांच्याशीच बोलून घ्या, गृहीत धरू नका.

बल्गेरियाचंही नाव काही जण काढतात. तिथं दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत मुलासोबत किमान पाच दिवस, मग काही महिन्यांनी आणायला. ‘येतो’ म्हणून गेलेल्या माणसांची महिनोन्महिने वाट पाहणं आठ वर्षांच्या मुलावर लादावं, हे मला पटत नाही.

माझा कौल

मूल महाराष्ट्रातलं, किंवा तुम्हाला अस्खलित येणाऱ्या भाषेतलं मिळत असेल तर भारत. पण प्रवास कोलंबियासारखा आखा. काराचं ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर, आदेश बाकी असतानाच मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी भारतात तुमच्याकडे ठेवण्याची नियमात सोय आहे. ती मागा. मात्र आय-800 ची प्राथमिक मंजुरी आणि अमेरिकी वकिलातीचं हेग कराराच्या कलम 5 चं पत्र हाती असल्याशिवाय ताबा घेऊ नका, क्रम चुकला तर व्हिसा अडकतो. पुण्या-नाशकात एखादा फ्लॅट भाड्यानं घ्या, हॉटेल नको. रोज घरी स्वयंपाक करा, संस्थेतल्या ताईला रविवारी बोलवा.

भारतातलं मूल तुमच्या भाषेचं नसेल आणि तुमची महिना-दीड महिना तिकडे राहायची तयारी असेल, तर मी कोलंबिया निवडेन. अमेरिकेचे व्हिसा नियम हल्ली वरचेवर बदलतात, तेव्हा एजन्सीकडून त्या आठवड्याची स्थिती कळल्याशिवाय तिकिटं काढू नका. क्षयाची रक्तचाचणी दोन्ही देशांत लागते. ती पॉझिटिव्ह आली आणि पुढं थुंकीचं कल्चर करायची वेळ आली तर त्यातच दोन महिने जातात.

रजेचं आत्ताच बघून ठेवा. अमेरिकेच्या कौटुंबिक रजेच्या कायद्यात दत्तकासाठी 12 आठवड्यांची बिनपगारी रजा बसते आणि परदेश प्रवासाचे दिवसही त्यात धरता येतात. पण नवराबायको एकाच कंपनीत असाल तर ते 12 आठवडे दोघांत मिळून. अशा वेळी दोघांनी सुरुवातीला एकत्र जावं, मग एकानं परतून कामावर रुजू व्हावं आणि दुसऱ्यानं मुलासोबत तिथंच थांबावं. कोण थांबणार हे मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या.