इअरफोनचा आवाज बारीक जुळवायचा तर सॅमसंग, दुसरा अँड्रॉइड की आयफोन?

बेळगावच्या टिळकवाडीत रात्री रस्ता शांत झाला की इअरफोनवर कुमार गंधर्व लावून बघा. 1924 साली आपल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमारजींचा स्वर पुष्कळदा इतका हळुवार येतो की आवाजाच्या पहिल्या पायरीवर तानपुरा हरवतो आणि दुसऱ्या पायरीवर वरचा षड्ज कानाला टोचतो. मधली पायरीच नसते. मूळ अँड्रॉइडमध्ये गाण्याच्या आवाजाला 15 पायऱ्या असतात. काही कंपन्या त्या वाढवून देतात, पण खालच्या टोकाला दोन पायऱ्यांमधली उडी मोठीच जाणवते.

ज्यांना फोन घ्यायचा आहे त्यांना माझं पहिलं सांगणं: पायऱ्या, इअरफोन आणि कान ही तीन दुखणी वेगळी आहेत. तुमचं कोणतं, ते आधी ओळखा.

पायऱ्यांचंच दुखणं असेल तर सॅमसंग सरळ पुढे आहे. गॅलेक्सी स्टोअरमधून 'साउंड असिस्टंट' उतरवून घेतलं की बटणाच्या एका दाबाला आवाज किती बदलावा हे आपणच ठरवायचं, म्हणजे 15 ऐवजी 150 पायऱ्या मिळतात. प्रत्येक अ‍ॅपचा आवाजही वेगळा ठेवता येतो. आयफोनवर बाजूच्या बटणाला 16 पायऱ्या आहेत. कंट्रोल सेंटरमधली पट्टी बोटाने सरकवली तर त्याहून बारीक जुळतं, पण दरवेळी स्क्रीन उघडावी लागते. खानापूरच्या बसमध्ये उभं राहून ते जमवणं कठीण.

दुसरा कुठलाही अँड्रॉइड असेल तर एक उपाय मला मनापासून आवडतो. 'पॉवरअँप इक्वलायझर' या आवाजाचे सूर कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅपमध्ये प्रीअँप, म्हणजे एकूण आवाजाची पट्टी, खाली ओढा. सगळाच आवाज दबतो, मग जे आधी दुसऱ्या पायरीवर ऐकत होता ते सहाव्या-सातव्या पायरीवर येतं आणि खाली पुरेशी जागा मोकळी होते. नवा फोन घ्यायची गरजच उरत नाही. ब्लूटूथ इअरबड असेल तर सेटिंग्जमधल्या 'डेव्हलपर ऑप्शन्स' या एरवी लपलेल्या भागात 'अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' बंद करता येतो. त्यानंतर फोनचा आवाज आणि इअरबडचा आवाज वेगवेगळे चालतात. इअरबडचा कमी ठेवा आणि फोनवरून जुळवा. मात्र इअरबडवर स्वतःचं आवाजाचं बटण किंवा टच हवा, नाहीतर एकाच पातळीवर अडकाल.

आता इअरफोनचं दुखणं. एखाद्याचा खर्ज फुगलेला असतो, एखाद्याचा 'स' शिट्टीसारखा लागतो. इथे अँड्रॉइडवरच्या 'वेव्हलेट' अ‍ॅपला तोड नाही. त्यात हजारो मॉडेलांच्या मोजमापांवरून काढलेल्या दुरुस्त्या आधीच भरलेल्या आहेत. आपलं मॉडेल निवडायचं, बस्स. पण खडे बाजारातून आणलेल्या बिननावाच्या वायरवाल्या इअरफोनला त्याचा उपयोग नाही, कारण त्याचं मोजमाप त्या यादीत नसतं. काही अ‍ॅपचा आवाजही वेव्हलेटच्या पकडीत येत नाही, तेव्हा आपण जे अ‍ॅप वापरतो त्यावर आधी तपासून घ्यावं.

कानाचं दुखणं या सगळ्याहून महत्त्वाचं, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. वय वाढलं की वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी होतात. मग आजोबा आवाज वाढवतच राहतात आणि शब्द तरीही कळत नाहीत. सॅमसंगचा 'अ‍ॅडाप्ट साउंड' वयोगटानुसार दुरुस्ती देतो, किंवा बारीक आवाज ऐकवून दोन्ही कानांची चाचणी घेतो. इअरफोन कुठल्याही कंपनीचा चालतो. आयफोनचं 'हेडफोन अकोमोडेशन्स' त्याहून पुढचं आहे. कान-नाक-घसा डॉक्टरांकडे काढलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, त्यात घालता येतो आणि मंद आवाज उचलून ऐकू येतात. पण ते एअरपॉड्स, काही बीट्स आणि अ‍ॅपलच्याच वायरवाल्या इअरपॉड्सवर चालतं. म्हणजे फोनच्या खर्चात इअरफोनचा खर्चही धरावा लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी फोन पाहत असाल आणि पैशाचा हिशेब असेल, तर मी निःसंकोच सॅमसंग म्हणेन.

वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांचं गणित मात्र निराळं आहे. खडखडाटावर मात करायला ते आवाज शेवटपर्यंत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबलला फक्त 4. मागाच्या शेडमध्ये कान आधीच थकतो, त्यावर गाणं ओतायचं म्हणजे भरपाई न होणारं नुकसान. त्यांनी इक्वलायझरच्या मागे लागू नये. कामाच्या वेळी कानात आवाज रोखणारे साधे बोळे घालावेत आणि गाणी सुट्टी झाल्यावर ऐकावीत. आयफोन हाताशी असेलच तर 'रिड्यूस लाउड ऑडिओ' (जुन्या आवृत्तीत 'रिड्यूस लाउड साउंड्स') चालू करून मर्यादा 80 वर ठेवावी. सॅमसंगवरही इअरफोनच्या आवाजाला कमाल मर्यादा लावता येते, ती पहिल्या दिवशीच लावून टाका.