लोटस एलानला सीव्ही ड्राइव्हशाफ्ट: आठ महिने, साडेतीन हजार मैल आणि एक केबल टाय

मे महिन्यात एमओटीसाठी, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीसाठी, गाडी रॅम्पवर चढली आणि तपासणाऱ्याने टॉर्च मारून मला खाली बोलावलं. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या कडेवर काळ्या ग्रीसचे ठिपके ओळीने बसले होते, रांगोळीला आधी ठिपके देतात तसे. मूळच्या रबरी डोनटांच्या जागी मी ऑक्टोबरात सीव्ही जॉइंट बसवले होते (शाफ्टचा कोन बदलला तरी एकसारख्या वेगाने फिरणारे सांधे). वर पाहिलं तर त्याचा रबरी बूट शाबूत होता, पण त्याच्या निमुळत्या तोंडावरची पट्टी शाफ्टवरून बोटभर सरकली होती. ती पट्टी म्हणजे प्लॅस्टिकचा केबल टाय. वायरी बांधायला वापरतो तोच.

४० वर्षांपुढच्या गाडीला इथे इंग्लंडमध्ये एमओटीची सक्ती नाही. तरी मी दरवर्षी करून घेतो, कारण दुसऱ्या माणसाच्या नजरेला आपलं न दिसलेलं दिसतं. या वेळी ते पैसे पूर्ण वसूल झाले.

गाडी १९६९ ची एलान एस-४. डोनट म्हणजे काय हे एलानवाल्यांना माहीत आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रत्येक शाफ्टला दोन, असे चार रबरी रोटोफ्लेक्स कपलिंग. शाफ्टचा कोन बदलला, लांबी कमीजास्त झाली, तर ते सगळं रबरच सांभाळतं, सरकती स्प्लाइन (एकमेकांत सरकणारा दातेरी जोड) लागत नाही. जोर असताना स्प्लाइन अडकते आणि सस्पेन्शन जड होतं. रबराचं तसं होत नाही, म्हणून १९६२ साली लोटसच्या चॅपमनच्या लोकांनी काढलेला हा मार्ग मला आजही हुशारीचा वाटतो. मेटालास्टिकचे हे डोनट एकेकाळी मी राहतो त्या लेस्टरमध्येच बनत.

पण माझं इंजिन आता मूळचं राहिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते ट्विन-कॅम उघडलं तेव्हा मोठे व्हॉल्व्ह आणि वेगळे कॅम बसवले. टॉर्क साधारण १५० न्यूटन-मीटर. ऐकायला हे फार नाही. पण माझ्या गाडीत पहिला गिअर २.९७ आणि डिफ (जोर दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा गिअर) ३.७७, म्हणजे चाकापर्यंत जाताना हाच टॉर्क ११ पटीने वाढतो. एकेका शाफ्टवर ८०० च्या वर न्यूटन-मीटर येतात आणि ते सगळे रबर पिळत पुढे जातात. १९७१ च्या एलान स्प्रिंटला १२६ बीएचपीचं इंजिन दिलं तेव्हा खुद्द लोटसनेही डोनट मजबूत केले होते. माझे हल्लीचे, नवीन बनावटीचे चार डोनट दोन वर्षंसुद्धा टिकले नाहीत. बोल्टच्या लोखंडी बुशपासून रबर सुटायला लागलं होतं, फटीत नख जात होतं. ११० किलोमीटरच्या वेगाला ते मिनिटाला हजार फेऱ्या मारतात. त्या वेगात एखादं तुटलं तर शाफ्ट मोकळा होऊन चॅसिसवर आपटणार. शेजारच्या सीटवर मुलगी बसलेली असते. तिथे मी हिशोब थांबवला आणि सीव्हीचा सेट मागवला.

किंमत चार चांगल्या डोनटांच्या जवळपास दुप्पट. दर दोन वर्षांनी डोनट बदलायचे म्हटले तर चार वर्षांत बरोबरी होते, वर बाहेरच्या डोनटचे बोल्ट काढण्याचा त्रास वाचतो. तिथे पाना एका वेळी जेमतेम एक कोपरा फिरतो. ज्याने केलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबरात बसवले आणि पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला पुन्हा गाडीत बसवून एक फेरी मारून आणली. डोनटवर क्लच सोडला की आधी रबर पिळतं, मग सुटतं, आणि गाडी दोन-तीन हिसके खात पुढे सरकते. सिग्नलला हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलं होतं. ते एका दिवसात गेलं. वळणावर मधेच अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला तरी गाडी आता डुलत नाही. जेमतेम ७०० किलोच्या गाडीत असा फरक पाठीला कळतो. त्या आठवड्यात मला कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून ‘घ्या’ म्हटलं असतं.

नोव्हेंबरात मत बदललं. पाय उचलला की ‘ठक्’, पुन्हा दाबला की ‘ठक्’. कोल्हापूरला वडिलांना, अण्णांना, फोन केला. त्यांची हयात उद्यमनगरात लेथवर गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मऊ होतं ते काढून टाकलंस. आता धक्का कुठं जाणार, ते शोध.” मी शोधला. गिअरबॉक्सपासून डिफकडे जाणाऱ्या प्रॉपशाफ्टचा मागचा यूजे (युनिव्हर्सल जॉइंट) हाताने हलत होता. डिफच्या टॉर्क रॉडचे बुश चपटे झाले होते. हे वर्षानुवर्षं तसंच असणार. डोनट पिळून पिळून सगळं झाकत होते. दोन्ही बदलल्यावर आवाज अर्ध्यावर आला. उरलेला डिफच्या दातांमधल्या मोकळीकीचा आहे, आणि त्याचं खापर मी सीव्हीवर फोडणार नाही. ज्यांना हा सेट घ्यायचा आहे त्यांनी आधी यूजे आणि बुश बघावेत. त्याचा खर्च सेटच्या किमतीतच धरावा, नाहीतर माझ्यासारखी महिनाभर झोप उडेल.

आता तो केबल टाय. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की तुम्ही गाडी जॅकवर घेताना चाकं पूर्ण लटकू दिली असणार, त्याने बूट ताणला गेला. मी चिडून तीन परिच्छेद लिहिले. पाठवण्याआधी सेटसोबतचं पत्रक काढून पाहिलं, तर त्यात ते स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि मी डिसेंबरात ब्रेक पॅड बदलताना चाकं लटकवली होती हेही खरं. सीव्हीला कोनाची मर्यादा असते. डोनटला मी कधी एवढं जपलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांची सवय हाताला लागलेली असते. त्याबद्दलचा परिच्छेद खोडला. आता जॅक चॅसिसला लावला तरी हबखाली लाकडी ठोकळा ठेवतो. ही चूक माझी.

उरलेले दोन परिच्छेद मात्र पाठवले, कारण ते मला आजही पटतात. जॉइंट उत्तम, शाफ्टचं मशिनिंग असं की हात फिरवत राहावंसं वाटतं, बोल्ट योग्य ग्रेडचे. बुटाच्या मोठ्या तोंडाला स्टीलची क्लिप आहे. मग लहान तोंडालाच प्लॅस्टिक का? एक्झॉस्टची ऊब, मिनिटाला हजार फेऱ्या, हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ. ग्रीस आतून तोंडाकडे ढकललं जातं आणि प्लॅस्टिक ढिलं पडतं. ग्रीस संपलं की आत खडी-पाणी जातं आणि सगळ्यात महाग भाग आधी खातं. स्टीलची कानवाली क्लिप दोन पौंडांना मिळते. इतक्या किमतीच्या सेटमध्ये क्लिपांचे मोजके पौंड वाचवणं मला सहन होत नाही. माझ्या वडिलांच्या शेडमधून असा माल बाहेर पडला नसता.

दोन्ही बाजूंच्या क्लिप आणि त्या दाबायची पक्कड मिळून २६ पौंड गेले. जुनं ग्रीस पुसून नवं मॉलिब्डेनमवालं भरलं, बुटाचं तोंड शाफ्टच्या खाचेत नीट बसवलं, हवा बाहेर काढली आणि कान दाबला. दाबताना पक्कड हातात एकदाच ‘कट्’ करते, मग क्लिप बोटाने फिरवून पाहिली तर जागची हलत नाही. त्यानंतर सहाशे मैल झाले. दर रविवारी पांढरं फडकं रिमच्या आतून फिरवतो. अजून ते पांढरंच निघतं. विक्रेत्याकडून आठवड्याने एक पाकीट आलं, आत स्टीलच्या दोन क्लिप. चिठ्ठी नव्हती, पण क्लिप चांगल्या आहेत, टूलबॉक्समध्ये ठेवल्यात.

मूळ इंजिन असेल आणि चांगले डोनट मिळत असतील तर डोनटच ठेवा, तुमच्या डिफला ते जपतात. इंजिनावर काम केलं असेल तर सीव्ही घ्या आणि पहिल्याच दिवशी केबल टाय कापून टाका.

काल अण्णांचा फोन होता. “आवाज गेला का?” मी म्हटलं, अर्धा राहिलाय, डिफचा आहे. “मग ते उघडशील तेव्हा सांग,” म्हणाले, “मी तिकीट काढतो.”