पोटरीचे कम्प्रेशन स्लीव्ह: सात-आठ महिने वापरल्यावर नडगीदुखीबद्दल माझं मत

सरळ मुद्द्यावर येते. स्लीव्ह, म्हणजे घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पोटरीवर चढवायचे घट्ट, ताणले जाणारे बिनपावलाचे मोजे, चांगले आहेत, मी अजूनही घालते, पण माझी नडगी दुखायची थांबली ती यांच्यामुळे नाही. हे आधीच सांगतेय कारण नवीन चालायला-पळायला लागलेलं कोणी दुखायला लागलं की पहिल्यांदा हेच ऑर्डर करतं, आणि मग स्लीव्ह घालून तेवढंच पळत राहतं.

आता माझं दुखणं नेमकं कुठलं ते सांगते, कारण नडगीदुखी सगळी एकच नसते. माझं दुखायचं हाडाच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार बोटं वरपासून नडगीच्या मध्यापर्यंत. अंगठ्याने ती कड दाबत वर गेलं की निदान अर्धी वीत पट्टी सलग दुखरी लागायची, एकच एक जागा अशी नाही. सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांत कळ यायची, अंग तापलं की कमी व्हायची, मग घरी येऊन बसलं की ठणका सुरू. हेच ते शिन स्प्लिंट, म्हणजे हाडावर आणि त्याच्या आवरणावर पेलवेल त्यापेक्षा जास्त ताण. जे नुसतं भरभर चालतात त्यांना बऱ्याचदा पुढून, नडगीच्या बाहेरच्या अंगाला दुखतं, तो पाऊल वर उचलणारा स्नायू असतो आणि उतारावर तो जास्त बोलतो.

स्लीव्हने काय मिळालं तर पळताना पोटरीचं मांस कमी हलतं, पाय आवळून धरल्यासारखा वाटतो आणि पळून झाल्यावर पाय जड होणं बरंच कमी झालं. पण ठणका? थोडा कमी वाटायचा, स्लीव्ह काढला की होता तिथेच. फिजिओनी पण हेच सांगितलं की आराम वाटत असेल तर खुशाल घाला, पण यांनी शिन स्प्लिंट टळतं किंवा बरं होतं असा ठोस पुरावा नाही.

मग खरा फरक कशाने पडला, तर पोटरीच्या व्यायामाने आणि पळणं आधी कमी करून मग हळूहळू वाढवल्याने. हाडाचं असं असतं की ताण पडला की शरीर आधी तिथला जुना भाग काढून टाकतं आणि नंतर नवीन भरतं, आणि हे भरायचं काम आठवड्यांनी नाही तर महिन्यांनी चालतं, मधल्या काळात ती जागा जरा कच्ची असते. दम आणि स्नायू मात्र लवकर तयार होतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्याला वाटतं की आता सहज जमतंय, आणि नेमकं तेव्हाच हाड मागे असतं. हे समजलं तेव्हा मला खूप बरं वाटलं खरंच, कारण दुखण्यामागे काहीतरी कारण आहे आणि त्याला वेळ दिला तर ते सुटतं हे कळलं.

पळणं मी एक मिनिट पळायचं दोन मिनिटं चालायचं इथपासून परत चालू केलं, एक दिवस आड, सपाट रस्त्यावर. दहापैकी दोन-तीन इतपत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण गेलं तर चालेल, त्यापेक्षा जास्त किंवा सकाळी पहिली पावलं टाकतानाच जाणवलं तर त्या आठवड्यात वाढवायचं नाही. आठवड्याला १० टक्के वाढवा हे सगळे सांगतात, पण नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर याचा अभ्यास झाला, २००८ साली छापून आला, त्यात त्या नियमाने वाढवणारे आणि जरा वेगाने वाढवणारे दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला दुखापत झालीच. म्हणून मी टक्क्यांपेक्षा पायाचं ऐकते.

व्यायाम दोनच, पण नेमाने. टाचा उचलणं, आधी गुडघा सरळ ठेवून आणि मग गुडघा थोडा वाकवून, कारण वाकवल्यावर पोटरीचा आतला चपटा स्नायू कामाला लागतो आणि पळताना नडगीला सांभाळण्यात त्याचा मोठा वाटा असतो. दोन्ही पायांनी सोपं झालं की एका पायावर, १२ ते १५ चे तीन सेट, खाली येताना अगदी सावकाश. दुसरा म्हणजे भिंतीला पाठ टेकून पावलं जरा पुढे ठेवायची, टाचा जमिनीवर आणि पंजे वर उचलायचे, वीसेक वेळा केलं की नडगीच्या बाजूला जी आग होते ना, तोच तो वर सांगितलेला पाऊल उचलणारा स्नायू. फरक दिसायला दीड-दोन महिने लागले, लगेच काही होत नाही. नुसतं स्ट्रेचिंग मी आधी मनापासून करायचे, बरं वाटतं, पण तेवढ्याने भागत नाही.

आणखी एक, लांब ढांगा टाकून टाच पुढे आपटणं बंद केलं. वेग तोच ठेवून मिनिटाला पावलं ५ ते १० टक्के वाढवली, फोनवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं अ‍ॅप) लावून, पहिले काही दिवस विचित्र वाटतं मग अंगवळणी पडतं. बूट ५०० ते ८०० किमीच्या आसपास बदलावेत म्हणतात, माझे तळव्याला आतल्या बाजूने झिजले होते ते बदलले. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं, ठणका असेल तेव्हा. पळायच्या आधी पेनकिलर घेऊ नका प्लीज, दुखणं झाकलं जातं आणि ताण चालूच राहतो.

आणि हे मात्र मनावर घ्या. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, रात्री झोपेत किंवा बसल्या जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारली की तिथेच कळ येत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरकडे जा, हाडाला बारीक तडा असू शकतो आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. पळताना नडगी दगडासारखी ताठ होऊन पाऊल बधिर पडत असेल आणि थांबल्यावर थोड्या वेळात सुटत असेल तर ते वेगळंच प्रकरण, स्नायूच्या आतच दाब वाढण्याचं, तिथे स्लीव्हचा दाब वरून नकोच. पायाचं रक्ताभिसरण कमी असेल किंवा मधुमेहामुळे पायाला नीट कळत नसेल त्यांनीही विचारल्याशिवाय घालू नयेत.

बाकी वस्तू म्हणून म्हणाल तर साइज उंची-वजनावरून घेऊ नका, सकाळी पाय सुजायच्या आत पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपने मोजा. वरची कड गुडघ्याच्या खोबणीखाली दोन बोटं राहिली पाहिजे, खोबणीत गेली तर काचते. शिवण नडगीच्या हाडावर येऊ देऊ नका, वळ उठतो. साध्या पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवले तरी माझ्या जोडीची खालची कड आता सैल झालीय आणि पळताना वर सरकते, बाकी कापड ठीक आहे. परत घेईन का, तर हो, लांब पळायच्या दिवसासाठी घेईन, तीच साइज.