सरकारी खात्याशी लोकअदालतीत तडजोड : पाचपैकी साडेतीन तारे

मी पाटबंधारे खात्यातला मैलमजूर, आता निवृत्त. औद्योगिक न्यायालयातलं माझं प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत मिटलं. तेव्हापासून आमच्या झाडीपट्टीतले रोजंदारीवाले भेटले की विचारतात, "भाऊ, लोकअदालतीत जावाचं का?" म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

वाद जुनाच. 1967 चा कालेलकर करार सांगतो की बांधकाम-पाटबंधारेच्या रोजंदारी मजुराची सलग पाच वर्षं भरली की त्याला रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर, म्हणजे रोजंदारीवरून काढून नियमित पगारावर, घ्यायचं. मला घेतलं, पण फार उशिरा. मधल्या वर्षांचा पगारातला फरक बुडाला. सरकारनंच केलेला करार सरकारनंच पाळला नाही, तर महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ती अनुचित प्रथा ठरते, नोंद 9. वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबवणं ही नोंद 6. खात्याचं म्हणणं एकच, मस्टरवर म्हणजे हजेरीपटावर खंड आहेत. असणारच ना! दिवाळीच्या तोंडावर नाव काढायचं आणि रब्बीचं पाणी सुटलं की पुन्हा चढवायचं, हे उद्योग आम्ही थोडेच करत होतो?

लोकअदालतीत पैसा लागत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नवाले यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळतो. टेबलावरच्या न्यायाधीश बाईंनी दोन्ही वकिलांना थांबवून आधी मला विचारलं, "काका, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. पॅनल निकाल देत नाही, हे मात्र ध्यानात घ्या. दोघांचं जुळलं तरच निवाडा, नाही तर प्रकरण होतं तसं मूळ कोर्टात परत. तिथं जाऊन नाही म्हटलं तर केस हरते, ही गावातली समजूत चुकीची आहे.

खरी गंमत कागदात असते. खात्यानं पुरसिस, म्हणजे तडजोडीच्या अटींचा कोर्टात द्यायचा लेखी कागद, टाइप करूनच आणली होती : "देय रक्कम नियमानुसार व निधीच्या उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल." निधीच्या उपलब्धतेनुसार! म्हणजे माझ्या तेरवीला. माझ्या वकिलानं ते वाक्य खोडून आकडा, तारीख आणि तारीख चुकली तर व्याज, असं हातानं लिहायला लावलं. खाली दुसरं वाक्य त्याहून भारी होतं, "यापुढे सेवाविषयक कोणतीही मागणी करणार नाही." यावर सही केली असती तर पेन्शनमधली रोजंदारीची वर्षं मागायचा रस्ता बंद होता. ते "या तक्रारीतील फरकापुरती" असं करून घेतलं. मागच्या काळाचं व्याज मी सोडलं, तेवढं सोडावंच लागतं.

इतकी घासाघीस कशासाठी, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे हा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये जालोर सिंग प्रकरणात सांगितलं की आव्हान द्यायचं तर हायकोर्टात रिट, तेही फार मोजक्या कारणांवर. म्हणजे सही झाली की मी बांधलो गेलो, पण खातंही बांधलं गेलं. आमच्याकडं मजूर खाली जिंकला की खातं नागपूर खंडपीठात जातं. मग तारखांवर तारखा, शेवटी तारखेला मजुराऐवजी त्याची बायको येते. या एका गोष्टीसाठी मी तीन तारे देतो.

दीड तारा कापला. एक तर खात्याचे साहेब मंजुरीचं पत्र न घेताच आले होते. "वरून मान्यता यायची आहे," म्हणे. त्यापायी एक लोकअदालत वाया गेली, पुढची यायला महिने जातात. मग बोलावता कशाला? दुसरं, निवाडा फक्त सही करणाऱ्यालाच लागू. माझ्याच मस्टरवर, माझ्याच गेटवर रात्रपाळी केलेल्या सोबत्याला त्याचा काहीच उपयोग नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्यापुढं झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्यांना, नंतर लागणाऱ्यांनाही, बांधायचा. ती सोय इथं नाही. संघटना असेल तर सगळ्यांनी एकाच दिवशी आपापल्या पुरसिस टाकाव्यात, साहेबाला एकेकाला फोडता येत नाही.

मंडपात पंखा एक आणि माणसं दोनशे, पण त्यासाठी तारा कापत नाही. चहा बरा होता.

रक्कम तारीख उलटून गेल्यावर आली, व्याज अजून नाही. 1971 च्या कायद्याच्या कलम 50 खाली वसुली दाखला मागता येतो, मग जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. एका सरकारी हपिसानं दुसऱ्याच्या दारी वसुलीला जायचं! अर्ज टाकलाय. तुम्ही गेलात तर निवाड्याची प्रत मोफत मिळते, ती लगेच मागा आणि आस्थापना लिपिकाला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. माझ्या अर्जाला तीच पोच जोडली आहे.